गुरुवारची सुट्टी

मी नोकरी सोडली तेव्हा देवासच्या आमच्या कॉलनीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कारखान्यातली पक्की नोकरी, क्वार्टर, फंड, दिवाळीचा बोनस, आणि हे सगळं टाकून हा शहाणा आता दारोदार सल्ले विकत हिंडणार, असं शेजारी म्हणत. माझ्या तोंडावर नाही, पण क्वार्टरच्या भिंती पातळ होत्या. मी चाळिशीच्या आत होतो आणि विजेच्या कामातलं माझ्याइतकं त्या गावात कुणाला कळत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. अजूनही फारशी नाही. पण तो मुद्दा वेगळा.

सोडण्याचं कारण सरळ होतं. माझ्याहून कमी जाणणारा माणूस माझा साहेब झाला होता, आणि बाहेरचे लहान कारखानदार दोन दिवसांच्या कामाला जे देऊ करत होते त्यासाठी मला महिन्यातला निम्मा काळ राबावं लागे. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. देवासला नव्या शेड उभ्या राहत होत्या, पलीकडे पीथमपूरला तर माळच्या माळ कारखान्यांनी भरत होता. प्रत्येकाला ट्रान्सफॉर्मर हवा, पॅनेल हवं, आणि ते नीट बसलंय का हे सांगणारा माणूस हवा. पण हे कारण सांगायला मला लाज वाटे. म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटलो की वडील धारला एकटे असतात, त्यांच्याकडे पाहायला वेळ मिळावा म्हणून सोडतोय. इतक्या जणांना सांगितलं की शेवटी माझाही त्यावर विश्वास बसला.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. संस्थान असताना ते दरबारच्या कचेरीत कारकून होते, संस्थान गेल्यावर त्याच इमारतीत, त्याच टेबलावर सरकारी कारकून झाले आणि तिथूनच रिटायर. आई गेल्यावर दोन खोल्यांत एकटे राहत, स्वतः रांधत. देवासला या म्हटलं की म्हणत, "तुमच्या त्या कॉलनीत संध्याकाळी बोलायचे कोणाशी? भोंग्याशी?"

माझं धारला जाणं नोकरीत असताना अगदी ठरलेलं होतं. वीज मंडळ तेव्हा प्रत्येक औद्योगिक भागाला आठवड्याचा एक वार बंद ठेवायला लावी. आमचा वार गुरुवार. मशीनं बंद, म्हणजे आमच्या विजेच्या खात्याला दुरुस्तीची संधी, त्यामुळे एका गुरुवारी माझी ड्यूटी आणि पुढच्या गुरुवारी मी मोकळा. मोकळ्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी देवासहून इंदूर, इंदूरला बस बदलून धार. दादा दत्ताचे भक्त, त्यांचा गुरुवारचा उपास. मग माझाही उपास, म्हणजे ताटभर साबूदाण्याची खिचडी, वर दही. संध्याकाळी आरती, आणि आरतीत मी एखादा शब्द गाळला की डोळे न उघडता ते तो शब्द मोठ्याने म्हणत. "दत्तमहाराजांनीच तुझ्या कारखान्याचा वार नेमला आहे," असं ते दर खेपेला म्हणायचे. मी म्हणायचो, महाराजांनी नाही, वीज मंडळाने.

उरलेले तेरा दिवस दादा राजे असत. सकाळी वाचनालय, दुपारी बुद्धिबळ, आणि दर अमावास्येला चार मित्रांबरोबर बसने धरमपुरीला नर्मदास्नान. त्यासाठी एक कापडी पिशवी खुंटीला कायम भरलेली असे. तीत धोतर, पंचा, तांब्या आणि खडीसाखरेची पुडी. नर्मदेत उभं राहून काय मिळतं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "थंडी वाजते. दुसरे काय मिळायचे?" अमावास्या माझ्याच गुरुवारी आली तर तेवढी ते सोडत. एरवी चुकवत नसत.

नोकरी सोडल्याचं सांगायला मी मुद्दाम गेलो. त्यांना आवडलं नाही. हातातला अडकित्ता खाली ठेवला. "चाकरी म्हणजे काय वाईट रे? आम्ही केलीच ना?" एवढंच म्हणाले. मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, "दादा, आता मला रजा मागायला नको. गुरुवारची वाट बघायला नको. आता मी कधीही येईन."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला तो अजून दिसतो. "कधीही?" म्हणाले. मी म्हटलं, "कधीही."

पुढे काय झालं ते माझ्या धंद्यातला कुणीही ओळखेल. चालू कारखान्याची लाइन बंद करून कुणी मला आत घेत नसे. मला बोलावणार ते त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. देवासचा गुरुवार होताच, बाकी ठिकाणी कुणाचा शुक्रवार, कुणाचा रविवार. अख्ख्या मुलखाची सुट्टी हे माझं काम होऊन बसलं आणि मला सुट्टी द्यायला कुणी उरलं नाही. पूर्वी साहेबाशी भांडून रजा घेता येई. आता साहेब मीच, आणि माझ्यासारखा खडूस साहेब मी पाहिला नाही. पैसा आला. स्कूटर आली, दादांना पंखा घेतला, टीव्ही घेतला. टीव्हीवर त्यांनी क्रोशाचं कापड घातलं आणि वर पंचांग ठेवलं.

पीथमपूरहून धार काही लांब नाही. महिना-दीड महिन्यातून काम लवकर आटपलं की मी स्कूटर तिकडे वळवायचो, न कळवता. घरात पाऊल टाकलं की दादा उठायचे, पाट मांडायचे आणि ताट समोर यायचं. वरण, भात, पोळ्या, कोशिंबीर, अगदी दोघांपुरतं. मी थट्टा करायचो, "दादा, तुम्हाला माझ्या येण्याचं स्वप्न पडतं का?" ते म्हणायचे, "जेव आधी." मग तासाभराने मी घड्याळ बघायचो. एकदा निघताना खुंटीवरची पिशवी दिसली म्हणून विचारलं, "काय, परवाची अमावास्या झाली ना धरमपुरीला?"

"झाली, झाली," म्हणाले.

अशी चार वर्षं गेली. एका मंगळवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी देवासला अजून सुरू न झालेल्या एका शेडमध्ये ट्रान्सफॉर्मरपाशी होतो, निरोप पोचायला संध्याकाळ झाली. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेल्या चार पोळ्या होत्या आणि एका माणसापुरता वरणभात. रात्रीचं ठेवलं असेल, असं मला वाटलं.

दिवसकार्य झाल्यावर त्यांचे एक मित्र भेटायला आले. रिटायर मास्तर, मूळ माळवी, हिंदी बोलणारे, दादांबरोबर पटावर भांडणारे. मी त्यांना म्हटलं, "मास्साब, अगली अमावस को मैं भी आपके साथ चलूँगा, दादा की तरफ से।" आणि ती पिशवी काढून त्यांच्यासमोर उघडली. पंचा घडीवर पिवळा पडला होता. पुडीतल्या खडीसाखरेला मुंग्यांनी केव्हाच संपवलं होतं, नुसता कागद उरला होता.

मास्तरांनी पंचा हातात घेऊन उलटापालटा केला. मग म्हणाले, "भिया, चार साल से नी आए वो धरमपुरी। हर अमावस को मैं बुलाने आता था। बोलते, नी मास्साब, लड़के ने नौकरी छोड़ दी है, अब वो कभी बी आ सकता है। ताला देख के लौट जाएगा तो? वाचनालय बी छोड़ दिया था। मैं बोला, चिट्ठी डाल के पूछ लो। बोले, नी, उसको बंधन हो जाएगा।"

ते गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. त्या मंगळवारी झाकलेलं ते रात्रीचं नव्हतं. माझं होतं. रोज माझं असे, आणि रोज संध्याकाळी तेच त्यांचं होई. चौदा दिवसांतून एकदा येणाऱ्या मुलाने त्यांना तेरा दिवस मोकळं सोडलं होतं. कधीही येणाऱ्या मुलाने एकही सोडला नाही. मी स्वतंत्र झालो म्हणून गावभर सांगत फिरलो आणि दादांना दोन खोल्यांत कोंडून ठेवलं, तेही त्यांच्याच नावावर. याची मला आजही शरम वाटते, आणि ती कमी व्हावी असं मी काही केलेलं नाही.

पुढच्या अमावास्येला मास्तरांबरोबर धरमपुरीला गेलो. नर्मदेत उभा राहिलो. थंडी वाजली.

आता मी दादांच्या तेव्हाच्या वयाचा झालो. मुलगी पुण्याला असते. मागच्या महिन्यात तिने फोन केला, आवाज नुसता फुललेला. नोकरी सोडली, आता स्वतःचंच काम करणार, पैसे जास्त, वेळ आपल्या हातात. "आणि बाबा, आता मी तुमच्याकडे कधीही येऊ शकते!"

"कधीही नको," मी म्हटलं. "वार सांग."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारा रुसला. मी पुन्हा म्हटलं, "महिन्यातून एकदा ये, दोन महिन्यांतून ये. पण वार सांग, बेटा."