औषधाला न बधणारी बुरशी
बटाटे उकडल्याचा वास आला की मला परळची आमची प्रयोगशाळा आठवते, कारण बुरशीचं खाद्य आम्ही तिथे बटाट्याच्या पाण्यातच बनवायचो. माझ्या पीएचडीचा विषय द्राक्षं नासवणारी राखाडी बुरशी होती आणि तिचा एक वाण फवारणीच्या औषधालाही दाद देत नव्हता. औषध नसलेल्या प्लेटमध्ये मी तो साध्या बुरशीशेजारी लावला, तर साधी झपाट्याने पसरली आणि हा चिवट वाण मात्र रांगत राहिला. आमच्या तालुक्याच्या शाळेत प्रयोगाचं उत्तर आधीच फळ्यावर असायचं; वेगळं आलं की चूक आपली. म्हणून मी दोनदा सगळं फेकून दिलं. तिसऱ्यांदाही तेच दिसलं, तेव्हा आपली पीएचडी बुडाली असं वाटून मी पुन्हा प्लेटा उचलल्या. डिलाईल रोडला राहणारे, प्रयोगशाळेतली भांडी धुणारे मामा म्हणाले, "काय गो, परत टाकतंस?" "मामा, औषधाने मरत नाही ती बुरशी इथे औषध नसताना साधीकडून हरतेय." "हरतलीच! पाऊस नसताना रेनकोट घालून कबड्डी खेळलीस तर धावशील काय? मॅडमना दाखव जा." माझ्या मार्गदर्शक मॅडमनी प्लेटा निरखून विचारलं, "आधी दोनदा काय आलं होतं?" "हेच. मोजमापं वहीत आहेत, प्लेटा टाकल्या." त्या हसल्या. "अगं वेडे, मग औषध नसताना चिवटपणाच त्या बुरशीला जड पडतो, हे तीनदा सिद्ध केलंस की!" आता बागायतदारांना मी सांगते, ते औषध काही काळ थांबवा, चिवट बुरशी मागे पडेल. "खात्री आहे ना, ताई?" असं कुणी विचारलं, की त्या दोघांच्या कृपेने मला लगेच "हो" म्हणता येतं.