सुनेचं पीठ, सासऱ्याची जीभ

माझी सून चारुलता हिच्याबद्दल सांगायचं तर आधी माझ्या जिभेबद्दल सांगावं लागतं, त्याला इलाज नाही. मी लीलाधर. चाळीस वर्षं बुऱ्हाणपूरच्या केळी मंडीत बोली पुकारली. गाडी लागली की वर चढायचं आणि माल असेल त्याहून सवाई आहे असं चार लोकांना वाटायला लावायचं, हेच काम. घरी आलो तरी जीभ काही गाडीवरून उतरायची नाही. आमची मालूबाई, म्हणजे माझी बायको, म्हणते, "यांचं बोलणं रुपयातले चार आणे कापून ऐकावं." बरोबरच आहे तिचं. पण ते चारुलताला कोणी सांगितलं नव्हतं.

चारुलता रावेरकडची. बाप केळीवाला, आजा केळीवाला. आमच्या मुलाशी, ललितशी लग्न होऊन शनवारा पेठेतल्या आमच्या घरी आली ती होमसायन्सची डिग्री घेऊन, आणि स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या तिनं काय केलं, तर शेवभाजीवरची तर्री काढून वाटीत ठेवली. आता आमच्याकडे भाजीवर बोटभर तेल तरंगत नसलं तर पाहुणा विचारतो, घरात कोणी आजारी आहे का. ललित ताट सारून उठला. मालूबाईनं कपाळाला हात लावला. पोरगी रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी परत तर्री काढली. अशी चिवट.

मग तिला केळीच्या पिठाचं वेड लागलं. घडाच्या टोकाची बारीक कच्ची केळी मंडीत कोणी विचारत नाही, गुरांपुढे जातात. ती पोत्यानं घरी आणायची, चकत्या करायची, काळ्या पडू नयेत म्हणून ताकाच्या पाण्यातून काढायची आणि गच्चीवर वाळवायची. चक्कीवाला दळून देईना. म्हणे, पुढच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाला वास लागतो. तिनं माहेरहून मिळालेल्या बांगड्या मोडून घरघंटी आणली. ललित आठ दिवस बोलला नाही. मीही कुरकुरलो होतो, खोटं कशाला सांगू.

आमच्याकडे रीत अशी, की सुनेनं काही नवं केलं तर पहिला घास सासऱ्याचा, आणि घास घेतल्यावर त्यानं चार माणसांत दोन शब्द बरे बोलायचे. त्या रविवारी ललितचे मित्र जेवायला होते. चारुलतानं ज्वारीत केळीचं पीठ मिसळून भाकरी केली होती. भाकरी राखेच्या रंगाची, कडेला भेगा. वांग्याच्या भरताला चमचाभर तेल. एकानं पाण्यानं घास उतरवला. ती चौकटीत पदराला हात पुसत उभी, नजर माझ्या तोंडाकडे. मला दया आली म्हणा, की जुनी सवय म्हणा, मी गाडीवर चढलो. म्हणालो, "अरे, तीन महिने ही भाकरी खातोय. माझी शुगर गेली. गोळ्या बंद."

तीन महिने कसले, पहिला घास घेऊन तीन दिवस झाले होते. शुगर उतरली होती हे खरं, पण दिवाळीत डॉक्टरनं गोळी बदलली म्हणून. अमोल नावाचा ललितचा मित्र मोबाइलवर ते सगळं टिपत होता, हे मला कुठे माहीत. पाहुणे गेल्यावर चारुलता माझ्याजवळ आली. डोळे भरलेले. "खरंच, आबा?" तिनं विचारलं. तेवढीच वेळ होती. तेव्हा हसून "अगं, उगाच आपलं बोललो," म्हटलं असतं तर सुटलो असतो. मी म्हणालो, "सच्ची."

अमोलचा व्हिडिओ आमच्या गावच्या इतवारा पेठेतून निघाला तो थेट पुण्याला पोचला. ऑर्डरी सुरू झाल्या. सहा महिन्यांत आमच्या गच्चीवर दहा बायका चकत्या करायला येऊ लागल्या. चारुलतानं पाकीट छापून घेतलं आणि त्यावर माझा फोटो टाकला, फेट्यातला. खाली ओळ: "आबांचा अनुभव". दुकानात जावं तर फळीवर ओळीनं मीच बसलेला. मला माझ्याच तोंडाची शिसारी आली.

गोळ्या मी मालूबाईच्या सुपारीच्या डब्यात लपवायला लागलो. शनवाऱ्यातलं मेडिकल सोडून स्टेशनकडच्या मेडिकलला जायचो. एक दिवस तिथल्या काउंटरवरही माझंच पाकीट. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हीच ना ते?" मी म्हणालो, गोळ्या बायकोच्या आहेत. घरी येऊन मालूबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "आता मला आजारी पाडा. माझ्या गळ्यात अडकवा म्हणजे झालं." ती तेवढीच सगळं जाणून होती, आणि रोज टोमणा मारायची, पण सुनेला सांगायची नाही. तिलाही गच्चीवरच्या दहा बायका दिसत होत्या.

त्याहून वाईट म्हणजे जलेबी. बरा झालेला माणूस म्हटल्यावर लोकांना तो खाताना पाहायचा असतो. लग्नात, बारशात, दुकानाच्या पूजेत, जिथे जावं तिथे कोणीतरी मावा जलेबीची प्लेट घेऊन हजर. "घ्या आबा, तुम्हाला आता काय भीती?" नाही म्हणावं तर सुनेचं पीठ खोटं पडतं. मी खायचो. लोक टाळ्या द्यायचे. माझ्या डाव्या अंगठ्याला चप्पल चावल्याची जखम झाली होती, ती दीड महिना भरेना. मोजे घालून फिरायचो, भर उन्हाळ्यात, बुऱ्हाणपुरात.

अशात इंदूरहून आमंत्रण आलं. तीन दिवसांचा खानपान मेळा, गावोगावचं जेवण, कमी तेलात. चारुलतानं खानदेशचं जेवण करून दाखवायचं आणि शेवटच्या दिवशी स्टेजवर बोलायचं. ती इतकी खूश झाली की कागदावर लिहून पाठ करायला लागली. मी गुडघ्यांचं निमित्त काढलं. ती म्हणाली, "आबा, तुम्ही नाही आलात तर मी तिथे कुणाच्या भरवशावर बोलू?" मी पिशवीत मोजे भरले.

इंदुरात तीन दिवस मी जी चारुलता पाहिली ती आमच्या घरात कधी दिसली नव्हती. खणाची साडी नेसून तव्यापुढे उभी, कपाळावर घाम, आणि तोंडानं अखंड बोलतेय. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी म्हणजे काय, वांगं विस्तवात भाजलं की त्याला तेल कमी लागतं, कच्च्या केळीची धिरडी कशी उलटायची. इंदूरची माणसं पोह्यावरसुद्धा शेव मागणारी. "इसमें सेव नहीं?" असं विचारायची आणि ती हसून म्हणायची, "पहले एक बार ऐसे खाइए." आणि खायची हो लोकं. पुन्हा रांगेत लागायची. परातीपुढे ती मान मागे टाकून हसली तेव्हा मला वाटलं, एका खोट्यानं एवढं झालं असेल तर होऊ दे. जन्मभर मोजे घालीन.

शेवटच्या दिवशी अकरा वाजता एक मुलगी आली. शीतल तिचं नाव, इंदुरात दिलेली, माहेर खकनारकडच्या एका खेड्यात. मला पाहून वाकून पाया पडली. म्हणाली, "आबा, माझ्या वडलांनी तुमचा व्हिडिओ पाहिल्यापासून इन्सुलिनचं इंजेक्शन बंद केलंय. पंचवीस दिवस झाले. तुमचं पाकीट देवघरात ठेवलंय, रोज अगरबत्ती ओवाळतात."

मला आधी हसूच आलं. ती पुढे म्हणाली, "आता चक्कर येते, उलट्या होतात. आम्ही घाबरलोय. पण ते म्हणतात, आधी घाण बाहेर निघते, मग बरं वाटतं. तुम्ही दोन शब्द बोला त्यांच्याशी." आणि मी काही म्हणायच्या आत तिनं फोन लावून माझ्यासमोर धरला.

खाटेवर बसलेला म्हातारा. माझ्याच वयाचा. ओठ वाळलेले, डोळे आत गेलेले. त्यानं हात जोडले. "मी उखर्डू, महाराज. दर्शन झालं."

मी म्हणालो, "उखर्डूभाऊ, इंजेक्शन घ्या. आत्ताच्या आत्ता घ्या."

"तुमी घेता का काही, महाराज?"

माझ्या शेजारून चारुलता धिरडं उलटता उलटता फोनमध्ये डोकावली आणि अभिमानानं म्हणाली, "नाही हो बाबा. त्यांची एक गोळीसुद्धा नाही, वर्ष झालं."

त्या क्षणी मला पळून जायचं होतं. खरं सांगतो, म्हाताऱ्याचा विचार नंतर आला, आधी दार कुठंय ते पाहिलं. रांगेत तीसेक माणसं उभी होती. मी म्हणालो, "घेतो. रोज दोन. सकाळी एक, रात्री एक. लपून घेतो. पीठ चांगलं आहे, पण शुगर गोळीनं उतरलीय. मी खोटं बोललो होतो."

उखर्डू हसला. वाळल्या ओठांनी, मोठ्या मायेनं हसला. "परीक्षा पाहता का, महाराज? मोठे लोक असंच करतात. माझी श्रद्धा नाही हालायची."

मी मोजा काढला. अंगठा फोनसमोर धरला, काळा पडलेला, कडेनं ओला. "हे बघा. हे बरं झालेल्या माणसाचं असतं का?" आणि त्या भल्या माणसानं फोन कपाळाला लावला. माझ्या पायाचं दर्शन घेतलं त्यानं. आयुष्यभर सवाई बोलून मी माल खपवला, आणि एकदा खरं बोललो तर गिऱ्हाईक नाही.

धिरडं करपल्याचा वास आला. चारुलतानं गॅस बंद केला, शीतलच्या हातून फोन घेतला आणि माझ्याकडे न पाहता, माझ्याशेजारी उभं राहून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, मी यांची सून बोलते. माझे सासरे खोटारडे आहेत."

उखर्डूचं हसू गेलं. आमच्या मुलखात सून सासऱ्याला मागून काय वाटेल ते म्हणते, पण चार माणसांत, तोंडावर, हा शब्द कोणी उच्चारत नाही. तो खाटेवरून पाय खाली सोडून बसला. मग बाजूला कोणाला तरी म्हणाला, "सून असं म्हणते तर खरंच असंल. सुई कुठं ठेवली बघ जरा."

दुपारीच त्याला बुऱ्हाणपूरला दवाखान्यात आणलं. शुगर मशीनच्या आकड्यात मावत नव्हती. चार दिवस सलाइन लागलं. वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं.

स्टेजवर चारुलता एकटी गेली. पाठ केलेला कागद तिनं काढलाच नाही. म्हणाली, हे पीठ आहे, औषध नाही. आवडलं तर खा, पण डॉक्टरची गोळी सोडू नका. आमच्या पाकिटावर जे छापलंय ते चूक आहे. पाच मिनिटांत खाली उतरली. टाळ्या वाजल्या, पण जेमतेम. परतीच्या गाडीत ती पुढे बसली आणि बुऱ्हाणपूर येईपर्यंत काचेबाहेर बघत राहिली.

आता नव्या पाकिटावर नुसता केळीचा घड आहे. ऑर्डरी निम्म्यावर आल्या, गच्चीवर सहा बायका येतात. शनवाऱ्यात पोरं मला अजून महाराज म्हणतात, म्हणू देत. माझा अंगठा भरत आलाय, कारण चारुलता रोज स्वतः पट्टी बदलते. माझ्या जेवणाखाण्याचं, औषधाचं सगळं ती वेळच्या वेळी बघते. आवाज चढवत नाही. आबाच म्हणते. कोणी पाहिलं तर म्हणेल, काय नशीबवान सासरा आहे. पण इंदूरहून आल्यापासून तिनं मला एकदाही विचारलं नाही की जेवण कसं झालंय. मालूबाईला विचारते, ललितला विचारते, गच्चीवरच्या बायकांना विचारते. माझ्यापुढे ताट ठेवते आणि जाते.

परवा तिनं कच्च्या केळीची आमटी केली होती, लसूण आणि थोडं खोबरं घालून, वर तेलाचा थेंब नाही. काय सांगू तुम्हाला, एवढ्या वर्षांत तसं काही खाल्लं नव्हतं. मी तिला हाक मारली. म्हणालो, "चारुलता, फार छान झालीय गं. अगदी मनापासून सांगतो."

ती म्हणाली, "गोळी घ्या, आबा," आणि पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.