दादाच्या ट्रकला लावलेलं ऑइल-मीटर

आमच्या भागात ट्रकची काळजी घेणं म्हणजे बंपरला लिंबू-मिरची बांधायची, मागं आईचा आशीर्वाद रंगवायचा आणि समोरच्या काचेला एवढी झालर लावायची की रस्ता दिसला तर दिसला. इंजिनात ऑइलचा दाब किती आहे असं विचारलं, तर मालक असा बघतो, जणू त्याच्या बायकोचं वय विचारलंय. फौजेत वीस वर्षं गाड्या दुरुस्त करून मी कुंडलजवळच्या आमच्या गावी परत आलो, तेव्हा या अडाणीपणाची मला मनापासून चीड यायची. फौजेतून आलेल्या कुणालाही गावात मेजर म्हणतात. मी साधा हवालदार, पण लोकांची ही एक चूक मी कधी दुरुस्त केली नाही.

थोरला भाऊ, आमचा दादा, जुन्या ट्रकवर टाकी बसवून जतच्या वाड्यांना पाणी पोचवायचा. त्याचा कान पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. ट्रकवाले गाडी घेऊन दारात यायचे आणि म्हणायचे, "दादा, जरा ऐका की." हा डोळे मिटून इंजिनाजवळ उभा राहायचा आणि कुठलं बेअरिंग जातंय ते सांगायचा. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. मला मात्र तो सगळा प्रकार अंगात आल्यासारखा वाटायचा. कानानं इंजिन तपासायचं, तर मग मीटर कशाला शोधून काढली माणसानं?

त्या वर्षी ट्रकचं इंजिन पुरतं उतरवून नवं केलं होतं. ते पुन्हा निकामी झालं तर ट्रक भंगारात घालण्यावाचून दादाकडं दुसरा मार्ग नव्हता. ऑइलसाठी गाडीत फक्त एक लाल दिवा होता. दाब जवळजवळ संपला की तो लागायचा. "हा दिवा म्हणजे माणूस गेल्यावर बोलावलेला डॉक्टर," असं म्हणून मी सांगलीतून काट्याचं मीटर आणलं. दिव्याचं बटण इंजिनावर जिथं बसतं, तिथून तांब्याची बारीक नळी काढून मीटरला जोडायची. ऑइल नळीतून वर येतं आणि काटा दाब दाखवतो, एवढंच काम.

गावातला मिस्त्री बघायला आला. "मेजर, मधी तीन तोंडाचा टी टाका, म्हंजी दिवाबी ऱ्हाईल आन् मीटरबी. आन् नळीला दोन येटोळी द्या. हादऱ्यानं तुटती ती."

ज्याच्या हाताखाली प्रत्येक नट शेवटी छिन्नीनंच निघतो, त्यानं मला शिकवावं! मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"दिवा ऱ्हाऊ दे रं," दादाही म्हणाला. "त्यो पेटला की कळतंय. काटा कोन बघत बसतंय?"

मी दिव्याचं बटण काढून टाकलं आणि नळी शिस्तीत, सरळ रेषेत ओढली. वेटोळी मला गबाळी वाटली. गाडी चालू केली. काटा वर चढून मधोमध उभा राहिला. मला इतका अभिमान वाटला, की येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून मी तो दाखवत होतो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं आणि गाड्या पुजतात. वहिनीनं ताट आणलं. चाकांना झालं, स्टिअरिंगला झालं, मीटर तसंच राहिलं. मला ते लागलं. लिंबू-मिरचीवर वर्षभर तोंडसुख घेणाऱ्या मी पाण्यात कालवलेली हळद आणि कुंकू अंगठ्यानं मीटरच्या काचेवर चांगलं ठसठशीत लावलं. दोन बोटं रुंदीची ती काच, उजवीकडची एक फट सोडली तर सगळी माखली.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "काटा दिसंना झालाय की रं."

"वाहिलेलं कुकू कुनी पुसतं व्हय? जाईल आपोआप." हे मी म्हणालो. वीस वर्षांची नोकरी करून आलेला मी.

जत तालुक्यात पाऊस फसला होता, त्यामुळं दसऱ्यानंतरही खेपा चालू होत्या. तिसऱ्या दिवशी मी दादाबरोबर निघालो. जत दहा-बारा किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा जळक्या ऑइलचा वास आला. नवं इंजिन आहे, वास येणारच, असं मी सांगून टाकलं. थोड्या वेळानं दादानं ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडला आणि मान तिरकी केली.

"आवाज येतोय. थांबवून बघू या."

"कसला आवाज? उगा शंका काढू नगंस."

"काटा बघ."

मी मीटरकडं बघितलं. मला हळद दिसली, कुंकू दिसलं. काटा दिसला नाही. तो नेहमी मधोमध असतो म्हणजे आताही कुंकवाखाली मधोमधच असणार, असं मी धरून चाललो. नुसतं बोट फिरवलं असतं तरी काम झालं असतं.

"हाय की जाग्यावर," मी म्हणालो.

दादानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग त्यानं स्वतःच्या कानाचं ऐकलं नाही, माझं ऐकलं, आणि पाय पुन्हा दाबला. दोन किलोमीटरही गेलो नसू. इंजिनानं एकदाच मोठा आवाज केला आणि ते जागच्या जागी जाम झालं.

खाली उतरून बघितलं, तर नळी इंजिनाजवळ तुटली होती. सगळं ऑइल तिथूनच रस्त्यावर गेलं होतं. दिवा असता तर पेटला असता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं शहाणा मी आणि बैल दादाचा. पाणी तरी कुणाच्या कामी यावं म्हणून जवळच्या मेंढक्यांना हाक मारून दादानं टाकीचा नळ सोडला.

ट्रक ओढून गावात आणला. मिस्त्रीनं तुटकी नळी हातात घेतली. आता हा मला सोलणार, अशी मी मनाची तयारी केली होती. त्यानं नळी बाजूला ठेवली आणि दादाला विचारलं, "नळी तुटली, ते ऱ्हाऊ द्या. पर दादा, तुमच्या कानाला कसं कळलं न्हाई वो? बेअरिंग वरडलं असंल की."

मला तोंड उघडायला भरपूर वेळ होता.

"न्हाई आलं ऐकू," दादा म्हणाला. "वय झालं आता."

घरी येताना मी विचारलं, "खरं का न्हाई सांगितलंस?"

"मला गाव वळखतंय," तो म्हणाला. "तुला आत्ता कुठं वळखाय लागलंय."

ट्रक गेला. दादाचा कान गेला ही बातमी महिनाभरात सगळीकडं पोचली आणि ऐकायला म्हणून दारात येणाऱ्या गाड्या बंद झाल्या. गावातल्या अडाण्यांची मी आयुष्यभर टिंगल केली, पण त्यांच्यातल्या एकालाही मी अजून सांगितलेलं नाही की दादाला ऐकू आलं होतं. इथंही स्वतःचं नाव न घालताच सांगतोय.