बोटामागची नजर

वर्तकनगरच्या समुपदेशन केंद्रात दर गुरुवारी माझ्याआधी तिचा नंबर असायचा. पन्नाशीची बाई, शहाडहून यायची. सारखी पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. खडवलीला सहलीत तिची मुलगी तिच्या डोळ्यांदेखत नदीत बुडालेली. हे तिनंच मला सांगितलं, शेजारणीची गोष्ट सांगावी तसं.

मी स्कूटरच्या अपघातानंतर पहिल्यांदाच आलेले, घाबरलेली. "आत काय करतात हो?" मी विचारलं.

"मॅडम बोट हलवतात, इकडून तिकडे. आपण नजर त्याच्यामागं न्यायची आणि तेव्हाचं आठवायचं. मला आधी येडेपणाच वाटलेला, ताई. पण फरक पडतो."

काही आठवड्यांनी ती बाहेर आली ती माझ्या शेजारी बसूनच राहिली. डोळे सुजलेले. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"त्रास झाला का?"

"नाही. भीती गेली," ती म्हणाली. "इतकी वर्षं डोळे मिटले की ती बुडतच असायची. मी हात पुढे करायची. आज कळलं, ती गेली. कधीचीच."

मग ती मोठ्यानं रडली, मयताच्या घरी रडतात तशी. कुणीच तिला गप्प केलं नाही. बरं होणं म्हणजे हलकं होणं, असं मी तोवर समजत होते.

थोड्या वेळानं ती उठली, चपला घातल्या.

"स्टेशनवरून हार घेऊन जाते," ती म्हणाली. "तिच्या फोटोला अजून कुणाला घालू दिला नव्हता."