तातूच्या शाळेत डोळे शेवटी

तातू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेऱ्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघत उभा होतो. फोन दिगूचा, तातूच्या पुतण्याचा. "भाऊकाका, तातूकाका गेलो. सकाळी चाय पितापिताच... डॉक्टर येयसर काय उरलाच नाय." यावर मी काय म्हणालो असेन? "बरा, येतंय," म्हणालो! जसे काही माडावर चढायला माणूस आलाय एवढेच त्याने कळवले होते. मग समोर जी एसटी लागली तिच्यात चढलो. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा कळले, गाडी विजयदुर्गाकडे निघाली आहे आणि मला जायचे आहे नेमके उलटे, धामापूरला. उतरलो आणि भर पावसात दोनेक किलोमीटर चालत परत फाट्यावर आलो. धामापूरला पोचलो तेव्हा तातूला नेऊन झाले होते. पडवीत त्याच्या चपला तेवढ्या होत्या.

त्याला आता पाच आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, "तुमका काय मुंगळे चावतत काय? बसा बघू गप." हा मजकूरही मी थोडा पडवीत, थोडा माडीवर, थोडा मागल्या दारी उभ्याउभ्या असा लिहितो आहे. सांगायचे आहे तातूबद्दल, पण त्यात मध्येच माझे एक वाक्य येते, आणि त्या वाक्यापाशी आलो की मी उठून फेऱ्या मारायला लागतो. तेव्हा वाचकहो, जरा सांभाळून घ्या.

तातू मेस्त्री आणि मी एका बाकावरचे. पुढे मी मालवणात घर बांधले, दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागलो. तातू धामापूरलाच राहिला, वडिलांची गणपतीची शाळा चालवत; पुढे दिगूही त्याच्या हाताखाली आला. आमच्याकडे गणपती जिथे घडतात त्या जागेला शाळाच म्हणतात. प्रत्येक घराचा आपला पाट असतो, तो मिरगाच्या आधी शाळेत नेऊन द्यायचा. त्याच्या पाठीवर खडूने नाव पडते आणि त्याच पाटावर त्या घरची मूर्ती बसते. आमचा पाट तातूच्या आजोबांपासून त्या शाळेत जातो. तातूच्या शाळेचा एक नियम होता, त्याच्या आजोबांनी घातलेला. डोळे शेवटी. अंगाचा रंग, पितांबर, दागिने, उंदीर, सगळे आधी करून ठेवायचे. डोळे मात्र मूर्ती न्यायला येणारा समोर उभा राहिला की मगच. पाटाचा मालक बघतो आहे आणि तातू खारीच्या केसांचा कुंचला हातात धरून श्वास रोखतो आहे, असे ते दृश्य. लहानपणी आम्हीही तेवढा वेळ श्वास धरायचो, आणि तातूचे वडील हसून म्हणायचे, "अरे सोडा, सोडा, तुमका कोणी सांगलेला?"

२००५ साली आमच्या गणपतीचा उजवा डोळा किंचित खाली आला. किंचित म्हणजे किती? तांदळाच्या दाण्याची जाडी धरा. मला दिसलाही नव्हता. पण मुंबईहून आलेल्या मेहुण्याने आरतीच्या आधी मान वाकडी करून बघितले आणि म्हणाला, "मूर्तिकाराचं वय झालं वाटतं." झाले! माझ्या डोक्यात किडा शिरला. पाच दिवस मला त्या डोळ्याशिवाय काही दिसेना. पुढच्या वर्षी पाट घेऊन धामापूरला गेलो. तातूने पाट घेतला, पुसला, खडू उचलला. आणि मी म्हणालो, "तातू, औंदा डोळे दिगूक काढूक सांग."

हेच ते वाक्य.

तातूने माझ्याकडे बघितले नाही. "बरा," म्हणाला आणि पाटावर नाव घातले. मला वाटले, संपले. उलट मी स्वतःवर खूश होतो की अवघड गोष्ट कशी सरळ सांगून टाकली. त्या वर्षी तातूने कुणाचेच डोळे काढले नाहीत. सगळे दिगूने काढले, छान काढले. लोकांना कळलेही नाही. तातू मागे बसून उंदरांना रंग देत होता. "हात थरथरता रे," एवढेच म्हणाला. वयच झालेय, असे मी मनाशी म्हटले. पन्नाशीतच होता तो, माझ्याच वयाचा!

त्यानंतरच्या वर्षी आमच्या खोलीत पुण्याचा केदार उतरला. कंपनीत कामाला, समुद्राखाली डुबक्या मारायला आलेला. पाऊस आला, डुबक्या बंद. मी त्याला वेळ घालवायला तातूच्या शाळेत नेले. केदार मूर्ती बघतच राहिला आणि मग अचानक म्हणाला, "काका, राक्षस रंगवाल?" त्याचा आणि त्याच्या मित्रांचा एक खेळ होता. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातले वीर होतात, कोणी तलवारवाला, कोणी जादूगार. फासे टाकून लढाया ठरतात. आणि त्या लढायांसाठी टेबलावर अंगठ्याएवढे राक्षस उभे करायचे असतात, ते परदेशातून धातूचे, करडे, बिनरंगाचे येतात. तातूने सगळे ऐकून घेतले. "म्हणजे दशावतारच," तो म्हणाला, "फक्त बसान."

महिन्याभरात खोके आले. चौदा राक्षस. बैलाच्या तोंडाचा माणूस, पंखवाला सरडा, तीन मुंडक्यांचा कुत्रा, आठ डोळ्यांचा कोळी. मी हसलो. "मेल्या, देवाच्या शाळेत ही भुतावळ?" तातूने मात्र एकेक उचलून उजेडात धरले. पहिल्यांदा त्याने नेहमीचे गणपतीचे रंग लावले, ते धातूवरून पोपडे होऊन सुटले. शाडू रंग पितो, धातू पीत नाही. मग होडीचा तेलरंग आणला, तर अंगावरचे खवलेच बुजले. शिव्या घालत सगळे खरवडले. शेवटी केदारने तिकडचे रंग आणि अस्तर पाठवले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. हातात धरायला राक्षस फारच बारीक, म्हणून तातूने करवंटीच्या पाठीवर मेण लावून त्यावर ते उभे केले. करवंटी डाव्या हातात, कुंचला उजव्या. दोन महिन्यांनी खोके पुण्याला गेले आणि चौथ्या दिवशी केदारचा फोन. "काका, अप्रतिम! पण एक झालंय... कुणालाच डोळे नाहीत."

"नसतलेच," तातू शांतपणे म्हणाला. "मालक समोर असल्याशिवाय आमच्यात डोळे उघडत नाय. तुम्ही या."

आता बोला! मी कपाळाला हात लावला. पण पोरगा तरी कमी का? खोके मांडीवर घेऊन एसटीने आला. शाळेत पाटावर मांडी घालून बसला आणि तातूने त्याच्यासमोर चौदा राक्षसांचे डोळे उघडले. केदारने बैलतोंड्याला उचलले, बराच वेळ बघितले आणि हळूच म्हणाला, "काका, रागावू नका. हा मला आशीर्वाद देतोय." आम्ही जवळ जाऊन बघितले. खरेच! तीसपस्तीस वर्षे जे डोळे काढले तेच उतरले होते. तीन मुंडक्यांचा कुत्रा तर असा प्रेमळ की त्याला नैवेद्य दाखवावा. केदार हसून हसून लोळला. मीही. तातू हसला नाही. ते खोके त्याने ठेवून घेतले.

मग सुरू झाली त्याची वणवण. रागाचे डोळे कसे असतात? आरशासमोर बसून भुवया वर-खाली करायचा. गोठ्यातल्या बैलाला डिवचून बघायचा. मासळीबाजारात दोन बायका भांडत होत्या तिथे जाऊन उभा राहिला, तर दोघी भांडण सोडून ह्याच्यावरच उलटल्या. "काय रे, कधी बायल माणूस बघूक नाय?" शेवटी मीच त्याला वालावलीला नेले. लक्ष्मी-नारायणाच्या देवळात दशावतार होता आणि दिवस कलताना मंडळी रंगायला बसली होती. राक्षसाची भूमिका करणारा म्हातारा नट एका हातात आरसा धरून स्वतःच स्वतःचे तोंड रंगवत होता. तातू त्याच्यापुढे बसला. डोळ्यांत राग कसा आणायचा, असे विचारले.

"राग?" म्हातारा म्हणाला. "राक्षसाक राग नसता रे. राग देवांका. राक्षसाक भूक असता. पोटातसून बघ, दिसतली."

दुसऱ्या दिवसापासून राक्षसांना भूक लागली. पापणी थोडी खाली, बुबुळ वर चढलेले, पांढरे खालून दिसणारे. मी बैलतोंड्याला बघून खरेच मागे सरकलो. केदारच्या मित्रांमध्ये तातूचे नाव झाले. पुण्याहून, मग बंगळूरहून खोकी यायला लागली. डोळ्यांसाठी मालकाने यायची सक्तीही त्याने सोडली. "फोनवर बोलत ऱ्हवा, म्हणजे झाला," असे म्हणायचा आणि फोन कानाखांद्यात धरून डोळे काढायचा. पलीकडचा पोरगा काय बोलावे न सुचून हवापाणी सांगत बसायचा.

पण मला चैन नव्हते. मला कळत नव्हते, आणि न कळले की मी चिडतो. एकदा सकाळी गेलो तर तातू त्या आठ डोळ्यांच्या कोळ्याला घेऊन बसला होता. डोळा केवढा? तिळाच्या निम्मा. आठ वेळा श्वास धरला, आठ वेळा कुंचला टेकवला. एकदाही हात हलला नाही. मी भडकलो. "काय रे तातू, हयसर तुझो हात हलणा नाय, आणि गणपतीक थरथरता? सोंगा करतंस?"

तातूने कुंचला धुतला. घाईने उत्तर द्यायची त्याची पद्धत नव्हती. "हेका कोण हात जोडूचो नाय, भाऊ," तो म्हणाला. "हेच्याकडे कोण मान वाकडी करून बघूचो नाय. म्हणान थरथरणा नाय."

मेहुण्याची मान मी तातूला कधी सांगितली नव्हती. पण गाव लहान, कोणीतरी पोचवली होती. तेव्हाच मी बोलायला हवे होते. "चुकलंय रे मेल्या, पुढच्या वर्षी तूच काढ," एवढे सहा-सात शब्द. मी म्हणालो, "चल, चाय घेऊया." चहा घेतला, गजाली मारल्या, आणि मी मालवणला परत आलो. वाटेत दोनदा गाडी थांबवून मागे वळावेसे वाटले. वळलो नाही.

यंदा मे महिन्यात पाट घेऊन गेलो, ती आमची शेवटची भेट. तातूने पाट पुसला, खडू उचलला आणि नाव घालायच्या आधी थांबला. असा तो कधी थांबत नसे. "काय सांगूचा आसा?" त्याने विचारले. माझ्याकडे बघून विचारले... आणि मला घाई होती. काय तर म्हणे, खोल्यांवर पाहुणे यायचे होते. "नाय रे," मी म्हणालो, "नेहमीसारखाच." तातूने नाव घातले.

हे मला झोपेत आठवते, जेवताना आठवते, पाहुण्यांची बिले करताना आठवते. माणसाने विचारले होते. तोंड उघडून विचारले होते. मी काय उत्तर दिले? नेहमीसारखाच!

परवा दिगूचा पुन्हा फोन आला. "भाऊकाका, येवन जावा. तुमच्या पाटाचा बघूक होया." गेलो. ह्या वेळी बरोबर गाडीत बसलो. शाळेत ओळीने मूर्ती, काहींवर अंगाचा रंग चढलेला, काही अजून ओल्या. दिगूने मला मागच्या खोलीत नेले. तिथे तातूचे मेज, त्यावर करवंट्या, मेणात अर्धे रंगलेले राक्षस, आणि त्यांच्यामागे फडक्याखाली आमचा पाट. दिगूने फडके काढले.

मूर्ती नुसती पांढरी. पितांबर नाही, मुकुटाला सोने नाही, सोंडेवर गंध नाही. फक्त डोळे. दोन्ही डोळे काढलेले. ज्या शाळेत तीन पिढ्या डोळे शेवटी, तिथे तातूने आधी डोळे काढले होते. आणि मालक समोर नसताना. मी समोर असताना काढायची सोय मीच ठेवली नव्हती ना! दिगू म्हणाला, तातूकाका जायच्या आदल्या दिवशी सकाळी दार लावून बसले होते, बाहेर आले ते घामाने भिजलेले, आणि म्हणाले, भाऊक सांगा नको. मी खिडकी उघडली आणि उजेडात बघितले. डावा डोळा असा की बघत राहावे. उजव्याची खालची रेघ शेवटी शेवटी हलली होती. तांदळाच्या दाण्याची जाडी, तेवढीच.

मी तिथेच उंदरांच्या ओळीत बसून रडलो. दिगू बिचारा गोंधळला. त्याला वाटले, डोळ्यामुळे. "काका, मी उजवो पुसून परत काढू? पाच मिनिटांचा काम."

"हात लावशीत तर बघ," मी म्हणालो.

बाकीचा रंग दिगू देणार आहे. पितांबर पिवळे, नेहमीचेच. चतुर्थीला मेहुणा येणार आहे. येऊ दे. मान वाकडी करू दे. पाट मी स्वतः उचलून आणणार आहे, आणि मूर्ती अशी बसवणार आहे की उजवी बाजू दाराकडे येईल, येणाऱ्या प्रत्येकाला आधी तोच डोळा दिसेल. मी त्याच्यासमोर उभा राहीन आणि तातूने विचारले होते त्याचे उत्तर देईन.