करंजाच्या पानाची हाक

धुळ्यात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तान्हं बाळ आहे. ते रडतं तेव्हा मला काही होत नाही. कुकर लावते, पेपर तपासते, चालतं. पण रडता रडता ते एकदम थांबलं की माझ्या हातातलं काम सुटतं आणि मी भिंतीकडे बघत उभी राहते. नवरा म्हणतो, "तुला शांतता सोसत नाही." खरं आहे. शांततेला घाबरायला मला आबांनी शिकवलं, आणि शिकवताना त्यांच्या मनात फक्त हरणं होती.

आबा म्हणजे माझे वडील. पाचोरा तालुक्यात, अजिंठ्याचे डोंगर दिसायला लागतात तिथे आमचं शेत आहे, शेतातच घर आणि शेताच्या टोकाला नाल्याकाठचं बन. बन हे नाव आम्हीच कौतुकाने दिलेलं. दोन-तीन एकरांत करंज, पळस, बाभळी, बोरीच्या जाळ्या आणि मधे थोडी मोकळी जागा. या टोकाला दिलेली शिवी त्या टोकाला स्वच्छ ऐकू जाते, एवढाच त्याचा विस्तार. पण डोंगरातून नाल्यानाल्याने भेकरं तिथे उतरायची. भेकर म्हणजे शेळीएवढं तांबूस हरीण, घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकणारं. आबा त्यांची शिकार करायचे. शिकारबंदीचा कायदा होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या गावापर्यंत तो काही चालत आला नव्हता.

मोठ्या जंगलात मूर्खालाही शिकार मिळते, असं आबांचं म्हणणं. लहान बनातलं जनावर मात्र शेजाऱ्यासारखं असतं. आपण कधी आलो, कधी गेलो, काय खाऊन आलो, सगळ्याची त्याला खबर. म्हणून चपला बाहेर बांधावर काढायच्या, जोडीने. डोक्याला तेल नाही, अंगाला साबण नाही, बिडी तर नाहीच. चिमूटभर माती सोडून वारा बघायचा. ज्या वाटेने आत गेलो त्या वाटेने परत यायचं नाही, आणि जनावर जिथे बसतं त्या मधल्या जाळीत कधीही पाय टाकायचा नाही. सगळ्यात मोठी ताकीद म्हणजे हाका घालायचा नाही. ओरडून जनावर उठवलं तर मोठ्या जंगलात ते पुढे बसलेल्या बंदुकीसमोर जातं. लहान बनातून ते सरळ पलीकडे पळतं. आमच्या बनाच्या पलीकडे जुनी विहीर आहे, कठडा ढासळलेली. एकदा गावातल्या चार उत्साही लोकांनी हाका घातला आणि भेकर थेट त्या विहिरीत गेलं. आबांनी त्या चौघांना अशा काही शिव्या दिल्या की त्यातल्या दोन मी अजून वापरते.

मी सात-आठ वर्षांची असेन. घरात एकटीच, त्यामुळे मुलाचे लाड आणि मुलाचे धडे दोन्ही मलाच मिळाले. करंजाचं कोवळं पान दुमडून ओठांत कसं धरायचं ते आबांनी मला शिकवलं. फुंकर नेमकी बसली की आईपासून चुकलेल्या पाडसाचा आवाज निघतो. त्या आवाजाला नर येत नाही, मादी येते. जिचं पाडस हरवलंय तीच येते असंही नाही. जिचं मेलंय तीही येते.

"दोनदा वाजाड, मंग चूप बस," आबा सांगायचे. "आवाजवर ती येत नही. आवाज थांबना म्हनीसन येस." आवाज थांबला म्हणजे पाडसाचं काही बरंवाईट झालं, असं तिला वाटतं.

मी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं. पान वाजलं, थांबलं, आणि बोरीच्या जाळीतून मादी चालत आली. वारा ऐन वेळी फिरला होता, आमचा वास तिला येत असणारच. तिचे पाय थरथरत होते, तरी ती येत होती. त्या दिवशी मी आबांवर जेवढी चिडले तेवढी पुढे कधी नवऱ्यावरही चिडले नाही. संध्याकाळी घरात रस्सा शिजला आणि मी ताट सरकवून दिलं. आबा हसून म्हणाले, "पोरगी जैन व्हयनी."

त्याच वर्षी मला भाऊ झाला आणि पावसाळ्यात तापाने गेला. तालुक्याला नेता नेता, वाटेतच. घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. बाळाची झोळी सोडून ठेवली, ओसरीच्या आढ्याची कडी तेवढी राहिली. आईने चूल पेटवली, आबा शेतात गेले. आबांच्या डोळ्यांत मला पाणी दिसलं नाही. या माणसाला काही वाटतच नाही, असं मी तेव्हा ठरवून टाकलं आणि ते मत पुढे कित्येक वर्षं बदलायची वेळ आली नाही.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी आबा बंदूक घेऊन निघाले. मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला सोबत नेलं. घरात आईजवळ बसवत नसेल, त्यांनाही आणि मलाही. बनात नेहमीच्या जागी बसलो. आबांनी पान वाजवलं, परत वाजवलं, आणि थांबले. समोरची जाळी हलली. त्यांनी ठासणीची बंदूक खांद्याला लावली, बोट चापावर गेलं, आणि जाळीतून आई बाहेर आली.

पदर सुटलेला, हाताला भाकरीचं पीठ, आणि चोळी पुढून दोन्हीकडे दुधाने भिजलेली. ती आमच्याकडे बघतच नव्हती. खाली जमिनीवर शोधत होती.

बंदूक कधी खाली आली ते मला आठवत नाही. आईला आम्ही दिसलो, आबांच्या ओठांतलं पान दिसलं, आणि तिला सगळं कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "परत हाई पान ओठले लावं, तं मी त्या इहीरमा उडी टाकसू."

आबांनी तिला शब्द दिला आणि बंदूक पोलिसांकडे जमा केली. पुढे धाकटा भाऊ झाला, वाढला, त्याने तो आवाज कधी ऐकला नाही. मी मात्र ऐकत राहिले. एसटीचा ब्रेक, दाराची बिजागरी, शाळेच्या मैदानावरची एखादी शिट्टी, कशातूनही तो निघायचा. आणि थांबला की मला वाटायचं, आता कोणीतरी येणार.

आईला जाऊन आता काही वर्षं झाली. आबा माझ्याकडे धुळ्याला असतात आणि त्यांना काही आठवत नाही. मला ते कधी "बाई" म्हणतात, कधी "मॅडम". जेवून हात धुतला की जेवायला मागतात. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी त्यांना घेऊन गावी गेले. आखाजीला लेकी माहेरी येतात. "ही तर बापालाच माहेरी घेऊन आली," म्हणून भावजयीने माझी मनसोक्त थट्टा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ओसरीवर गेले तर आबांची खाट रिकामी.

खानदेशातलं ते ऊन. दुपारपर्यंत म्हातारा माणूस पाण्याशिवाय उघड्यावर राहिला तर संपलाच. भावाने गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि अर्धं गाव गोळा झालं. काठ्या घेऊन आले, मोटरसायकलींवर आले, लग्नाचे फोटो काढणारा तर ड्रोन घेऊन आला. सगळे एका सुरात "आबा! ओ आबा!" करत शिवार पालथं घालायला लागले. माणसं चांगली होती, पण आमच्या गावात मदत गुपचूप करायची पद्धतच नाही.

बनाच्या बांधावर मला चपला दिसल्या. जोडीने ठेवलेल्या.

 आबा वाट चुकलेच नव्हते. स्वतःच्या लेकीचं नाव विसरलेला माणूस बनात शिरायची रीत विसरला नव्हता. ते आत दडून बसले होते, आणि बाहेरून गाव त्यांच्यावर हाका घालत होतं. ड्रोनवाल्याने मला स्क्रीन दाखवला. झाडांखाली पांढरं काहीतरी होतं, आणि लोक ओरडले की ते थोडं थोडं विहिरीकडे सरकत होतं.

"अक्का, बठ्ठा मानसेसले लाईनमा उभं करतस नि बन पिंजी काढतस," भाऊ म्हणाला.

मी किंचाळलेच. "कोनी बनना मजार पाय टाका तं तंगडं तोडसू! तो ड्रोन पहिले खाले उतार!"

आबांच्या त्या दोन ठेवणीतल्या शिव्याही मी दिल्या. पन्नाशीची शिक्षिका, भर गावात. लोक बांधावर मागे सरले, ड्रोन खाली आला. भाऊ माझ्याकडे बघत राहिला; त्याला हे कुठलंच काही माहीत नव्हतं, आणि सांगत बसायला वेळ नव्हता.

मी चपला काढल्या, आबांच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि नाल्यातून वळसा घालून विहिरीच्या अंगाला गेले. जमीन तव्यासारखी तापलेली. विहिरीकडे पाठ करून एका करंजाखाली बसले. सवयीने चिमूटभर माती सोडून वारा बघितला आणि स्वतःचंच हसू आलं. मग हात वर करून कोवळं पान तोडलं. ते ओठांपर्यंत जाईना. माझ्या पाठीमागे तीच विहीर होती. आईला शब्द दिला तो आबांनी, मी नाही, असं मी मनाला समजावलं. मन काही समजलं नाही, तरी पान ओठांत गेलं.

पहिल्यांदा नुसता वारा. मग आवाज आला, जसाच्या तसा, इतक्या वर्षांनी.  परत एकदा वाजवलं. आणि थांबले.

त्या थांबण्यासारखं अवघड मी आयुष्यात काही केलेलं नाही. वाट आबांची बघत होते, पण भीती आईची वाटत होती. तीच येईल, पदर सुटलेली, आणि मला विचारेल, तूसुद्धा का गं. बोरीची जाळी हलली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा समोर आबा होते. अनवाणी, धोतर काट्यांनी फाटलेलं, ओठ फुटलेले, पोटरीवर रक्त. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते वाकून जमिनीवर शोधत होते. हा आवाज खोटा असतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? बाकी सगळ्याबरोबर तेही विसरले होते.

"कोनं पोर रडी ऱ्हायनं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुमनंच शे, आबा."

त्यांनी जरा विचार केला. मग रागावून म्हणाले, "मंग मायले हाक मार ना. पोर जागं व्हयनं."

मी घराकडे तोंड केलं आणि हाक मारली. "माय व! पोर जागं व्हयनं!"

बांधावरची सगळी माणसं ऐकत होती. भावाने तोंड फिरवलं. आबा माझा हात धरून घराकडे भराभर निघाले, विहिरीकडे पाठ करून, मला पळावं लागेल इतके भराभर. भावाने बाटली पुढे केली, दोन घोट कसेबसे प्यायले, पण थांबले नाहीत. अंगणातून सरळ ओसरीवर चढले आणि आढ्याच्या त्या कडीखाली उभे राहिले. हात वर नेला आणि नसलेली झोळी हळूहळू हलवायला लागले. तोंडाने बारीक हूं हूं चाललेलं. इतकी वर्षं मी या माणसाला दगड समजत होते. मी खांबाला टेकून ढसाढसा रडले.

तोवर मागून गाव अंगणात आलं. सापडले, सापडले, कोणी फोन लावतंय, कोणी पाणी मागतंय, एकच कालवा. आबांनी वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बोंबलू नका रे. आतेच निजनं."

सगळे जागच्या जागी थांबले. मग ती सकाळपासून ओरडणारी माणसं चपला हातात घेऊन, एकेक करून, आवाज न करता अंगणातून बाहेर गेली.