आत्यांच्या सिनेमात हिरो नव्हता

माझ्या बायकोच्या आत्या ज्या सिनेमाला जाऊन बसतात, त्या सिनेमाच्या हिरोची मला कीव येते. सदुसष्ट वर्षांच्या हयातीत त्यांनी एकाही हिरोकडे धड बघितलेलं नाही. तो बिचारा पुलावर उभा राहून जीव तोडून गात असतो, वाऱ्यावर केस उडवत असतो, आणि आत्यांचं सगळं लक्ष त्याच्या मागून हातगाडीवर आरशाचं कपाट घेऊन चाललेल्या माणसाकडे. "जावईबापू, हे कपाट तो नवीन घेऊन चाललाय का विकायला काढलंय?" असं भर थिएटरात त्या मला मोठ्यानं विचारतात. पुढच्या रांगेतले चार जण वळून बघतात. मी मान खाली घालून पुटपुटतो, "आत्या, तो नुसता रस्त्यानं जाणारा माणूस आहे." त्यावर आत्या म्हणतात, "नुसता म्हणजे?" मग हिरोचं लग्न लागतं, खलनायक दरीत पडतो, दिवे लागतात, लोक घरी जातात. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आत्यांचा फोन येतो. "विकायलाच काढलं होतं. नवं कपाट नेणारा माणूस आरसा लोकांच्या बाजूला करतो. यानं आतल्या बाजूला वळवला होता. घर मोडलं असणार हो त्याचं." आणि खरोखर हळहळतात. खलनायक दरीत पडला होता हे त्यांच्या गावीही नसतं.

हा दोष त्यांच्या नोकरीचा. आत्या नगरच्या एका जुन्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या आणि त्यातली बावीस वर्षं जनरल वॉर्डाच्या सिस्टर. एकदा मोठ्या मानानं त्यांची स्पेशल रूमच्या बाजूला बदली झाली, तर आठ दिवसांत त्यांनी अर्ज करून आपला जुना वॉर्ड परत मागून घेतला. कारण काय, तर "एका खोलीत एकच माणूस! करमणार कसं?" त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या वॉर्डातलंच आहे. "वॉर्डात हिरो नसतो, जावईबापू. वीस खाटा असतात. एकीपाशी जास्त वेळ थांबलं की बाकीच्या एकोणीस जणांचा ताप वाढतो." निवृत्त होऊन त्या भिंगारला राहायला आल्या, पण उलटं टांगलेलं नर्सचं घड्याळ पांढऱ्या काठाच्या साडीवर अजून तसंच आहे आणि रोज संध्याकाळी बाजारातून फेरफटका मारतात त्याला त्या 'राउंड'च म्हणतात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, दुखणी राहतात. एकदा कोल्हारला एका लग्नाला आम्ही एसटीनं निघालो होतो. आत्यांनी कंडक्टरकडे निरखून बघितलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अरे, तू अपेंडिक्स ना? खाट नंबर चौदा?" त्या भल्या माणसानं खचाखच भरलेल्या गाडीत शर्ट वर करून टाक्यांचा व्रण दाखवला आणि आत्यांना ड्रायव्हरच्या मागची जागा करून दिली. कोल्हार येईपर्यंत आजूबाजूच्या सहा सीटांवरच्या माणसांचं सगळं त्यांना कळलं होतं. उतरल्यावर मात्र चेहरा पडला. "त्या मागच्या बाईंना न्यायला मुलगी येणार होती. आली का नाही, ते आता कसं कळणार?" लग्नात त्यांचं लक्ष नव्हतं. नवरानवरी म्हणजे पुन्हा हिरो-हिरोइनच की.

अशा बाईंना माझ्या बायकोनं एके दिवशी लॅपटॉपवर एक सिनेमा लावून दिला. एक मोठं शहर, त्यात दहा-बारा माणसं, प्रत्येकाचं आपापलं चाललेलं. एक जण घड्याळं दुरुस्त करतो, एकीला नोकरीवर उशीर होतो, एक म्हातारा रोज कोणाला तरी पत्र लिहितो. कोणी कोणाला ओळखत नाही, पण एकाचा धक्का दुसऱ्याला लागतो आणि दुसऱ्याचं तिसऱ्याला जाऊन भिडतं. आत्या सव्वादोन तास हलल्या नाहीत. चहा गार झाला. सिनेमा संपल्यावर म्हणाल्या, "हा तर माझा वॉर्ड आहे." त्यानंतर त्यांनी त्या जातीचा एकही सिनेमा सोडला नाही. मुंबईचे पाहिले, कोलकात्याचे पाहिले, आपल्याला जिथली पाटीसुद्धा वाचता येत नाही अशा परमुलखातल्या शहरांचेही पाहिले. भाषा कळत नाही म्हणून त्यांचं कधी अडलं नाही. तोंडाला नळी लावलेल्या माणसांशी त्या चौतीस वर्षं बोलत आल्या होत्या. तीन-चार महिन्यांनी मात्र तक्रार सुरू झाली. "सगळी आपली मोठमोठी शहरं. भिंगारमध्ये काय माणसं राहत नाहीत?" आणि पुढच्या रविवारी चर्चमधली उपासना आटोपून त्या थेट आमच्या घरी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आपण काढायचा."

मला वाटलं, बागेतला एखादा वेल वगैरे काढायचा असेल.

कॅमेरामन म्हणून माझी नेमणूक झाली. मी शाळेत भूगोल शिकवतो, फोटो काढले तर त्यात हटकून माझं बोट येतं. पण आत्यांचा निकष वेगळा होता. पूर्वी कधीतरी त्यांनी मला इंजेक्शन दिलं तेव्हा माझा हात हलला नव्हता. बायकोकडे लॅपटॉपवर तुकडे जोडायचं काम आलं. फोन आमचाच. आत्यांनी बाजारातली सात माणसं निवडली, ज्यानं-त्यानं आपापलंच काम करायचं, आणि प्रत्येकाला बरोबर सहा मिनिटं. एक सेकंद जास्त नाही, कमी नाही. वॉर्डात तापाचे तक्ते असतात तसे त्यांनी सात तक्ते केले, चिमट्यांनी पाट्यांना लावून भिंतीवर टांगले आणि कोण कुठल्या वेळी कोणाच्या दारावरून जातो ते लाल-निळ्या पेन्सिलीनं भरलं.

पहिला दणका सातांतल्याच एकानं, चौकातल्या हॉटेलमालकांनी दिला. ते मिशा रंगवून, गॉगल लावून, नव्या शर्टात आले. "सिस्टर, पिक्चरला हिरो लागतोच. आन् मी हाय की!"

"तुम्हाला सहा मिनिटं आहेत," आत्या घड्याळ सरळ करत म्हणाल्या.

"सहा मिन्टात माझी एंट्रीबी व्हायची न्हाई!"

"मग एंट्री करू नका. रोज जे करता ते करा."

हा अपमान त्यांना सोसला नाही. हिरो नसलेला पिक्चर चालतो का कुठं, बघतोच, असं चौकात जाहीर करून त्यांनी नाव काढून घेतलं आणि हॉटेलात कॅमेरा आणायला बंदी घातली. आत्यांनी त्यांचा तक्ता भिंतीवरून काढला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "पेशंट चिडला म्हणून खाट काढतात का?"

खरी अडचण दुसरीच होती. सातांतल्या दोघांत नऊ वर्षं शब्द नव्हता. एक पिठाच्या गिरणीवाल्या अक्का आणि दुसरे त्यांच्याच समोर रस्त्यापलीकडे दुकान असलेले टेलर, लष्करातल्या लोकांच्या वर्दीवर नावाच्या पट्ट्या आणि फिती शिवणारे. ही सख्खी भावंडं. त्यांचे वडील आत्यांच्याच वॉर्डात शेवटचे सतरा दिवस होते. अक्का पहाटे गिरणी सुरू करण्याआधी येऊन बापाचं तोंड पुसून जायच्या. टेलर संध्याकाळी दुकान बंद करून यायचे आणि पाय चेपत बसायचे. दोघांची गाठ कधी पडली नाही. म्हातारा एका दुपारी गेला, दोघंही नसताना, आणि दोघांनीही एकमेकांना विचारलं, "तू कुठं होतास?" "तू कुठं होतीस?" तेवढंच. आत्यांनी तेव्हा दोघांना परोपरीनं सांगितलं होतं की तुम्ही दोघंही रोज येत होतात, पण दोघांनाही वाटलं की सिस्टर समजूत घालतायत. नऊ वर्षं समोरासमोर दारं आणि मधे बारा पावलांचा रस्ता.

सिनेमाला दोघं तयार झाले, पण एकाच अटीवर. "सिस्टर, तुमी म्हनाल तसं करीन," अक्का म्हणाल्या, "पन त्याच्यासमोर उभी ऱ्हानार न्हाई." टेलरांनीही अक्षरशः हेच सांगितलं. आत्यांनी दोघांना शब्द दिला. आता सिनेमाचा शेवटचा प्रसंग असा होता की दुपारची वीज जाते, गिरणी थांबते, शिलाईचं मशीन थांबतं, आणि सगळी माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहतात. पहिल्यांदाच सगळी एकत्र दिसतात. मग शब्द पाळायचा कसा? आत्यांनी मधोमध टेम्पो उभा करायचं ठरवलं. टेम्पोवाला पाथर्डीकडचा, सातांतलाच एक, त्याचं सहावं मिनिट तिथंच खर्ची पडणार होतं.

आणि मग भिंगारच्या इतिहासात पहिल्यांदाच माणसं वीज जायची वाट बघू लागली. मेन स्विच बंद करू म्हटलं तर आत्यांना पटेना. "खोटा ताप मला कळतो. बघणाऱ्यालाही कळतो." एरवी दिवसातून दोनदा जाणारी वीज पाच दिवस हलली नाही. रोज तीन वाजता टेम्पो येऊन उभा राहायचा, मी फोन धरून उभा, टेम्पोवाला स्टिअरिंगवर मान टाकून झोपलेला. सहाव्या दिवशी, साडेतीनच्या सुमाराला, गिरणीचा पट्टा सूं करत मंदावला आणि थांबला.

सगळा बाजार दारात आला. मी चित्रण सुरू केलं. डाव्या बाजूला अक्का पायरीवर, उजव्या बाजूला टेलर उंबऱ्यात, मधे टेम्पोची ताडपत्री. अगदी ठरल्याप्रमाणे. आणि टेम्पोच्या मागं लष्कराचा एक भलामोठा ट्रक येऊन उभा राहिला. त्यानं एकदा हॉर्न दिला. टेम्पोवाल्यानं आत्यांकडे बघितलं, ट्रककडे बघितलं, हात जोडले आणि टेम्पो पुढे घेतला. ट्रक निघून गेला. धूळ खाली बसली. रस्ता मोकळा होता आणि अक्का आणि टेलर समोरासमोर उभे होते.

कोणी हललं नाही. थांबव म्हणायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. अक्कांच्या भुवयांपासून हनुवटीपर्यंत पीठ होतं. टेलर बघत राहिले. मग ते म्हणाले, "अक्के, तोंडाला पीठ लागलंय."

अक्कांनी पदर उचलला, पण तो तोंडापर्यंत गेलाच नाही. "तुझ्या चष्म्याची काडी आजून दोऱ्यानंच बांधलीय व्हय रं?"

"व्हय."

"ये हिकडं. चहा टाकते."

बारा पावलं होती. टेलरांनी ती चालायला बराच वेळ घेतला.

पुढे मी आत्यांना खोदून खोदून विचारलं की हे तुम्हीच जुळवून आणलं होतं ना? त्या चिडल्या. "मी शब्द दिला होता. लष्कराच्या ट्रकला मी काय शिट्टी मारली?" आणि त्या खऱ्याच अस्वस्थ होत्या, कारण शब्द मोडला होता. दुसऱ्या दिवशी त्या गिरणीत गेल्या, दोघांना शेजारी बसवून तो तुकडा दाखवला आणि म्हणाल्या, "नको असेल तर आत्ता पुसून टाकते." टेलरांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. अक्का म्हणाल्या, "ठिवा सिस्टर. पन आदी सांगितलं असतं तर तोंड तरी धुतलं असतं!"

सिनेमा दाखवायला चर्चच्या हॉलशिवाय जागा नव्हती. पाळकसाहेब आनंदानं तयार झाले, फक्त शेवटी चांगला संदेश असावा म्हणाले. "संदेश रविवारी तुम्ही देताच की," आत्या म्हणाल्या, आणि विषय संपला. रविवारी दुपारी हॉलमध्ये सत्तर खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं आली दोनशेच्या वर. बाजार आपण होऊन बंद झाला. शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून, चेहऱ्यावर हसू घेऊन, हॉटेलमालक बसले होते.

सिनेमा सुरू झाला. अक्का पहाटे गिरणीचं दार उघडतात. आणि त्यांच्या मागं, लांब, हॉटेलच्या पायरीवर एक माणूस लंगड्या कुत्र्याला पाव कुस्करून घालतोय. टेलर सुईत दोरा ओवतात. त्यांच्या काचेतून तोच माणूस एका दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्याला हाताला धरून रस्ता ओलांडून देतोय, वर त्याच्याशी भांडतोय. टेम्पोवाला हवा भरतोय. पलीकडे तोच माणूस काउंटरच्या आरशात मिशीला पीळ देऊन आपल्याशीच संवाद म्हणतोय. मागच्या रांगेतली हाताची घडी सुटली. हॉटेलमालक हळूहळू उभे राहिले. "ओ, हा मी हाय. हा मीच हाय की!" हॉलमध्ये अशी शिट्टी पडली की पाळकसाहेब दचकले. मी चित्रित केलेल्या सगळ्या तुकड्यांत मला जो माणूस एकदाही दिसला नव्हता, तो आत्यांना प्रत्येक तुकड्यात दिसला होता. बायकोला शेजारी बसवून त्यांनी त्याला कणाकणानं वेचला होता. बरोबर सहा मिनिटं भरली. "नको असेल तर काढते," आत्या दारातूनच म्हणाल्या. हॉटेलमालक गॉगल काढून डोळे पुसत म्हणाले, "सिस्टर, मला म्हाईतच न्हाई मी आसा दिसतो."

आणि जेव्हा पडद्यावर तो टेम्पो पुढे सरकला, धूळ बसली आणि 'अक्के' हा शब्द ऐकू आला, तेव्हा दोनशे माणसं अशी काही ओरडली की बाहेर झाडावरचे पक्षी उडाले. अक्का आणि टेलर मधल्या रांगेत बसले होते. लोकांनी त्यांना उभं केलं, मग टेम्पोवाल्याला, मग हॉटेलमालकांना, मग सगळ्याच सातांना. कोणासाठी जास्त टाळ्या वाजल्या ते सांगता येणार नाही. बाहेर तितकीच माणसं ताटकळत होती, म्हणून लगेच दुसरा खेळ लावावा लागला, आणि कोल्हारहून जीप करून पाहुणे आले म्हणून तिसरा. आत्या दाराशी उभ्या राहून खेळागणिक आत-बाहेर करणाऱ्यांना ओळ लावत होत्या. मी इतकी वर्षं त्यांना बघतोय, पण इतकं ताठ उभं राहिलेलं तेव्हाच पाहिलं.

तिसऱ्या खेळाला मला बसायला जागा मिळाली आणि तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माणसं बोलताना कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत. अक्का, टेलर, टेम्पोवाला, सगळे जरासे डावीकडे बघून बोलतात. आधी मला माझीच चूक वाटली. मग आठवलं की तिथं, माझ्या डाव्या खांद्याशी, आत्या उभ्या असायच्या. छत्तीस मिनिटांच्या सिनेमात त्या कुठेही नाहीत, आणि बोलणारी सगळी माणसं त्यांच्याकडेच बघत आहेत.

हल्ली आत्यांचे गुडघे साथ देत नाहीत. राउंड चौकापर्यंतच होतो, कधी तोही होत नाही. अशा संध्याकाळी घरी मी तो सिनेमा लावतो आणि अक्कांच्या डोळ्यांत बघत बसतो. कोणाला तरी आपलं सगळं सांगता येतंय, आणि आत्या ते ऐकतायत, असं समाधान आहे त्यात. कडेला मला साडीचा एवढासा पांढरा काठ दिसल्यासारखा वाटतो. बायको म्हणते, पिठाची धूळ आहे ती. असेलही.